भोंग्यावर जिवंत माणसाचं नाव

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नरसिंग बोईनवाडने ऑटो बाजारगल्लीच्या तोंडाशी उभा केला, इंजिन बंद केलं आणि माईकवर दोनदा बोट वाजवलं. रात्री पाऊस होऊन गेला होता. टपावरच्या भोंग्यातून पाण्याचा एक थेंब त्याच्या मानेवर पडला. शिरूर अनंतपाळमधली दुकानं अजून उघडायची होती.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की," त्याने सुरुवात केली, "आपल्या गावचे आडत व्यापारी श्री. ईश्वरप्पा हुडगे यांच्या सहचारिणी रत्नम्मा या आज पहाटे लिंगैक्य झाल्या..."

समोरच्या ओट्यावर एक बाई तोंडात ब्रश धरून उभी होती. आतून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोण गेलं गं?"

तिनं गटारीत चूळ टाकली. "कुणी न्हाई. सापाचं हाय ते." आणि आत जाऊन तिनं दार लोटलं.

नरसिंगने अंत्यविधीची वेळ सांगितली, जागा सांगितली आणि थांबला. एरवी एवढ्यात गल्लीतली निम्मी दारं उघडलेली असत. बनियनवरचे पुरुष बाहेर येऊन, ऑटोच्या जवळ वाकून विचारत, "कधी गेल्या? काय झालं होतं?" आज एका पत्र्यावर कुत्रं बसलं होतं, तेवढंच त्याच्याकडे बघत होतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी 'रत्नम्मा' हे नाव दोनदा घेतलं. एक खिडकी उघडली, आणि भोंग्याचा आवाज आत येऊ नये म्हणून परत लागली.

पुढच्या गल्लीत तेच झालं. त्याच्याही पुढच्या गल्लीत तेच.

नरसिंग मूळचा लोह्याकडचा. लग्नानंतर सासुरवाडीच्या गावात मेहुण्याच्या मंडप-साउंडच्या दुकानात कामाला आला आणि इथलाच झाला. बोलण्यातून मात्र त्याचं गाव गेलं नाही. "येऊन राहिलो, करून राहिलो" ऐकलं की हॉटेलातली माणसं मुद्दाम विचारत, "काय नरसिंग, चहा पिऊन राहिला का?" माईक हातात आला की हाच माणूस पुस्तकातल्यासारखं बोले. कापड दुकानाचा सेल, नळाला न येणारं पाणी, सुटून गेलेली म्हैस, डोळ्यांचं शिबिर, सगळ्याची अलाउन्सिंग तो करी. निवडणुकीत समोरासमोरच्या दोन्ही उमेदवारांच्या गाड्यांवर त्याचाच आवाज असे, आणि त्याचं गावात कुणाला काही वाटत नसे. ही सगळी कामं तो एकदा बोलून पेनड्राइव्हवर भरून ठेवी. आवाज फिरत राही आणि तो तंबाखू मळत बसे.

मयताची बातमी तेवढी तो तोंडाने सांगे. ऑटो थांबवून, चप्पल काढून. घराघराप्रमाणे शब्द बदले. हुडग्यांसारख्या लिंगायतांच्या घरी लिंगैक्य, माळकऱ्यांच्या घरी वैकुंठवासी, बौद्धांच्या वस्तीत कालवश, मोहल्ल्यात इंतकाल. यात एकदाही चूक झाली नव्हती. पहिले चार-पाच शब्द मात्र सगळ्यांना एकच असत. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं ऐकलं की बायका गॅस बारीक करत, दुकानदार शटर अर्ध्यावर आणत, आणि मग नाव ऐकत. नाव ओळखीचं असो की नसो, त्या अर्ध्या मिनिटात गाव थांबलेलं असे. मयताला माणूस कमी पडलं, असं शिरूरमध्ये कुणाच्या बाबतीत म्हटलं गेलं नव्हतं.

हे अर्धं मिनिट तनुजाने पाहिलं, तिथून सगळं सुरू झालं.

तनुजा लातूरच्या एका संस्थेत काम करायची. साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर न निजवता थेट दवाखान्यात न्यावं, ही त्यांची मोहीम. तालुक्यातल्या बऱ्याच गावांत अजून रीत तीच होती. साप चावला की माणसाला पारावर आणायचं, कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचा. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं. कडू-गोड ठरवण्यात रात्र जायची. मृगाच्या सुमाराला तनुजा स्कूटीवर पोस्टरांची भेंडोळी घेऊन आली. पोस्टरं शाळेच्या भिंतींवर लागली आणि भिजून गळाली. पत्रकं वाटली, त्यात दुसऱ्या दिवशी शेंगदाणे मिळाले. नांदेडहून पथनाट्याची मंडळी आणली. लोकांनी सापाचं काम करणाऱ्या मुलाला शाबासकी दिली, त्याला शंभराची बक्षिसी दिली, आणि त्याच आठवड्यात एका वाडीत मण्यार चावलेल्या माणसाला रात्रभर पारावर ठेवलं. मोबाइलवर फिरवायला व्हिडिओ केला होता. तो सगळ्यांनी एकमेकांना पाठवला. पुरा कुणी पाहिला, हे सांगता येत नव्हतं.

शेवटी तिने नरसिंगचा ऑटो ठरवला आणि पहिल्या दिवशी स्वतः त्याच्या शेजारी बसली. दुपारी तिची घोषणा वाजत होती, तेव्हा वाण्याच्या दुकानात पत्त्यांचा डाव चालू होता तो चालूच राहिला. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. सुताराच्या घरी म्हातारा गेला होता. नरसिंगने पेनड्राइव्ह काढला, चप्पल काढली आणि बोलायला लागला. पत्ते खाली ठेवले गेले. शटरं खाली आली. एका बाईने रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर हात ठेवला.

"मामा, हे काय केलंत तुम्ही?" तनुजाने विचारलं.

"मी काय केलो? मयत झाली."

"नाही, लोक कसे थांबले बघा ना. माझ्या वेळी कुणी मान वर केली नव्हती."

"तुमचं सरकारी काम हाय मॅडम. मान वर करून काय करावं?" नरसिंग हसला. पण ती हसली नाही. संध्याकाळपर्यंत ती त्याच एका गोष्टीवर बोलत राहिली, आणि दोन कप चहा होईपर्यंत नरसिंगलाही ती गोष्ट पटायला लागली. आपल्या आवाजात काहीतरी आहे, हे त्याला माहीत होतं. लातूरहून आलेल्या शिकलेल्या मुलीने ते सांगावं, याचं त्याला बरं वाटलं. मजकूर त्यानेच रचला.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या भागातील एक कर्ता माणूस सर्पदंशाने आपल्यातून निघून गेला. त्याला रात्रभर पारावर निजविले होते. त्याचे नाव अजून ठरलेले नाही. ते नाव तुमच्या घरचे असू नये म्हणून, साप चावल्यास थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. एकशे आठला फोन लावावा."

"त्याचे नाव अजून ठरलेले नाही," तनुजाने ते वाक्य दोनदा वाचलं. "मामा, हे आमच्या ऑफिसात कुणाला सुचलं नसतं."

रेकॉर्डिंग नांदेडच्या एका स्टुडिओत झालं. तिथला मुलगा म्हणाला, मागे बासरी टाकू, थोडं दर्दभरं होईल. नरसिंगने साफ नकार दिला. "मयताला म्युझिक नसतंय. हाय तसं ठेवा." मुलाने हाय तसं ठेवलं. भोंग्यावर ऐकताना खरी मयत कोणती आणि ही कोणती, हे पहिल्या वाक्यावरून नरसिंगच्या बायकोला, उज्वलालाही ओळखता आलं नाही.

उज्वलाला ते आवडलं नव्हतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, मयताचं बोलणं डबीत भरून ठेवलाव तुमी. डबी कुणीबी वाजविल."

"लोकांचा जीव वाचंल, उज्वला."

"वाचू द्या की. मी काय नगं म्हणलेव? पर तुमचं तोंड त्यात कशाला?"

पहिले पंधरा दिवस सगळं तनुजाच्या मनासारखं झालं. लोक दारात येत, नाव ऐकायला कान देत, नाव ठरलेलं नाही हे ऐकून कुणी शिवी घाली, कुणी गप्प होई. पण ऐकून घेत. श्रावणात तीन गावांतून साप चावलेली तीन माणसं थेट दवाखान्यात आली आणि वाचली. तनुजाने ते नरसिंगला येऊन सांगितलं, तेव्हा तिचे डोळे चमकत होते. ऑटो आठवड्यातून चार दिवस फिरत होता. मग बायकांनी गॅस बारीक करणं सोडलं. मग पोरं भोंग्याच्या आधीच ओरडू लागली, "नाव ठरलं नाही! नाव ठरलं नाही!" नरसिंगला त्याचंही कौतुक वाटलं. मजकूर पोरांच्या तोंडी बसला, असं तो हॉटेलात सांगे.

आणि भाद्रपदात रत्नम्मा गेल्या.

अंत्यविधीला उदगीरचे, निलंग्याचे पाहुणे होते. त्यांना फोन गेले होते. जंगम होते, भाऊबंद होते. रत्नम्मांना रीतीप्रमाणे बसवून नेलं. नरसिंग मागून चालत होता. पुढे चाललेले ईश्वरप्पा वळणावर एकदा मागे वळले आणि त्यांनी रस्त्यावर नजर टाकली. नदीच्या पुलापर्यंत आणखी दोनदा वळले. त्यानंतर वळले नाहीत. बाजारगल्लीत दुकानं पूर्ण उघडी होती. एका दुकानातून गाण्याचा आवाज येत होता.

दुपारपर्यंत खरं काय ते गावात पसरलं. मग माणसं एकेक करून ईश्वरप्पांच्या ओसरीवर आली, आणि प्रत्येक जण मान खाली घालून तेच म्हणाला, "अप्पा, आमाला वाटलं सापाचं हाय." ईश्वरप्पांना हे वाक्य संध्याकाळपर्यंत ऐकावं लागलं. शेवटी शेवटी ते समोरचा बोलायच्या आधीच "असू दे, असू दे" म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी नरसिंग त्यांच्याकडे गेला. ईश्वरप्पा लोडाला टेकून बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर न उघडलेला पेपर.

"अप्पा, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? तू बराबर बोललास. मी घरातच होतो, ऐकलो की. नाव बराबर, टाइम बराबर, लिंगैक्य म्हणलास." त्यांनी समोरचा पेपर सरळ केला. "मी ह्या गावातल्या कुणाची माती चुकवलो न्हाई, नरसिंगा. मोंढ्यात सौदा चालू असला तरी शटर पाडून गेलो. घरात म्हणायची, किती जाताव? सगळीकडं जायलाच पायजे का? मग आपणच म्हणायची, जावा जावा, तुमी गेलाव तरच माझ्याला येतील."

नरसिंगने पुढच्या आराधनेचा, दिवसकार्याच्या पंगतीचा, विषय काढला. "आराधनेची अलाउन्सिंग मी करतो अप्पा. पैसे न्हाई, काही न्हाई."

"नगं. कार्ड छापायला टाकलोय." मग ईश्वरप्पा कानडीत म्हणाले, "होगली बिडू." जाऊ दे, सोड. ते रागाने म्हणाले असते तर नरसिंगला बरं वाटलं असतं. त्यांनी पेपर उघडला, आणि बोलणं संपलं.

शिवगणाराधनेचं कार्ड नरसिंगच्या घरीही आलं. तो जेवून आला. त्या पंगतीत माणूस कमी नव्हतं. गाव आपली चूक भरून काढत होतं, आणि ईश्वरप्पा स्वतः वाढत फिरत होते. नरसिंगच्या पानावर त्यांनी गव्हाची गोड हुग्गी वाढली, तूप वाढलं आणि पुढे गेले.

तनुजा आली तेव्हा नरसिंगने पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवला.

"मामा, मला वाईट वाटतंय. खरंच. पण ती तीन माणसं वाचली, ते तुमच्यामुळे."

"वाचली. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?"

"मग थोडं बदलू. पहिलं वाक्य तेवढं ठेवू, खाली—"

"पहिलंच वाक्य न्हाई मॅडम. ते वाक्य माझं न्हाई. ज्याच्या घरी मयत झाली त्याचं हाय. मी भाड्यानं दिलो."

तनुजा चिडली. तिचाही दोष नव्हता. तिला लातूरला जाऊन उत्तर द्यायचं होतं, आणि सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती. काढणीत हात सरळ पेंढीखाली जातो. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग दुसरं काय सांगणार आहात? पोस्टर झालं, नाटक झालं. तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

नरसिंगकडे दुसरं काही नव्हतं, आणि त्याने तसं सांगितलं. मोहिमेचा ऑटो बंद झाला. गावात आणखी दोन मयती झाल्या. दोन्ही घरांनी नरसिंगला बोलावलं नाही. मोबाइलवर फोटो आणि वेळ फिरवली. मेहुणा म्हणाला, बरं झालं, पहाटे उठायचं वाचलं. नरसिंग सवयीने पहाटे उठायचाच, आणि अंगणात ऑटो पुसत बसायचा.

येरोळ रस्त्यावरच्या एका वाडीतली तारामती भंडारे दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी काठी टेकत ऑटो स्टँडवर आली. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पांढरी पट्टी, मागून पिशवी घेतलेली सून. वय साठीच्या पुढे, आवाज स्टँडभर ऐकू जाईल असा.

"तो भोंगेवाला नरसिंग कोण रे? तू का? तोंड तर लहानच हाय की!"

"काय झालं मावशी?"

"घोणस चावली मला. सोयाबीन काढताना. पोरगं म्हणलं, पारावर नेतो. मी म्हणलं, मुडद्या, तो भोंगेवाला म्हणून गेलाय नाव ठरलेलं न्हाई, माझं ठरवतोस का? गाडी आण. नेलं दवाखान्यात. सुया टोचल्या, सुजून पाय हा एवढा झाला, पर आले की न्हाई घरला?"

नरसिंगने तिला ऑटोत बसायला सांगितलं. "ते बंद केलो मावशी. त्यानं लई घोळ झाला." त्याने रत्नम्मांच्या मयतीचं थोडक्यात सांगितलं. तारामतीने ते उभ्या उभ्या ऐकलं. हुडग्यांच्या आडतीवर तिचाही माल जात असे.

"मग खोटं कशाला सांगतोस? खरं सांग की."

"खरं काय सांगू?"

"माझं नाव घे. तारामतीला साप चावला, दवाखान्यात नेलं, तारामती जिती हाय. एवढं येत न्हाई का सांगायला?"

सून घाबरली. "आत्याबाई, असलं अभद्र काय बोलताव? त्या ऑटोवर मेलेल्या माणसाचं नाव घेतेत!"

ते खरं होतं. आजवर त्या भोंग्यावर गावातल्या साध्या माणसाचं नाव आलं ते तो किंवा त्याच्या घरचं कुणी गेल्यावरच. जिवंतपणी नाव यायचं ते पुढाऱ्याचं. सेलमध्ये दुकानाचं नाव घेत. वाढदिवसाला बॅनर लावत, भोंगा लावत नसत. एकदा एका हौशी बापाने मुलगी दहावी पास झाली म्हणून नरसिंगला बोलावलं होतं, तर घरातल्या बायकांनी ऑटो दारातूनच परत पाठवला होता.

"अभद्र काय त्यात?" तारामती सुनेला म्हणाली. "मेल्यावर घेणारच हाय तो माझं नाव. तवा मला ऐकू येणार हाय का? आता घेतलं तर ऐकायला तरी घावंल." मग नरसिंगकडे वळून, "आणि हे बी सांग. ज्याला खोटं वाटतंय त्यानं घरी येऊन बघावं."

नरसिंगने त्या दिवशी काहीच केलं नाही. घरी येऊन उज्वलाला सांगितलं. ती हसून हसून खाली बसली, आणि मग म्हणाली, "डबीत भरू नका. तोंडानं सांगा."

ऑटो तोच, भोंगा तोच. काय वेगळं करावं यावर त्याने दोन दिवस घालवले. मयतीची बातमी सकाळीच जास्त असे, म्हणून ही संध्याकाळी सांगायची असं ठरवलं. उज्वलाने जुन्या हळदीच्या साडीचा पदर फाडून दिला, तो भोंग्याला बांधला. पिवळं फडकं असेल तर मयत नाही, एवढं लांबून दिसावं. ऑटो थांबवायचा का, चप्पल काढायची का, हेही त्याने ठरवलं. थांबवायचा. चप्पल नाही काढायची.

"कळविण्यास आनंद होतो की," तो बाजारगल्लीत बोलला, आणि 'आनंद' या शब्दावर त्याचा आवाज थोडा अडखळला, कारण तो शब्द त्या जागी त्याने कधी घेतला नव्हता, "तारामती भंडारे यांना सोयाबीन काढताना घोणस चावली होती. त्यांना पारावर न नेता थेट दवाखान्यात नेले. त्या जिवंत असून घरी आल्या आहेत. ज्यांना खोटे वाटत असेल त्यांनी घरी जाऊन पाहावे."

गल्ली हसली. कुणीतरी ओरडलं, "नरसिंग, चुकून आनंद म्हणालास का?" पण लोक आले, आणि भोंग्याशी वाकून विचारू लागले, जसे पूर्वी विचारत. कोणती तारामती? कुठल्या वाडीची? सुया किती टोचल्या? पैसे लागले का? उत्तरं नरसिंगला माहीत नव्हती. तो म्हणाला, तिलाच जाऊन विचारा. आणि लोक गेले. आठवडाभर तारामतीच्या ओसरीवर माणूस हटत नव्हतं. ती पट्टी सोडून दाखवी, दवाखान्यातल्या नर्सच्या नकला करी, पारावर न्यायला निघालेल्या पोराला सगळ्यांदेखत शिव्या देई. साखर संपली तेव्हा तिने नरसिंगला निरोप धाडला की आता थोडे दिवस पुरे.

तनुजा पुन्हा आली. तिला हे लगेच सगळीकडे न्यायचं होतं. हदगावकडच्या एका अलाउन्सिंगवाल्याला तिने हाच मजकूर दिला, तर तिथे एकही कुटुंब नाव द्यायला तयार झालं नाही. इथेही सोपं नव्हतं. एका घराने होकार दिला आणि ऑटो दारात आल्यावर नाही म्हटलं. एका तरुणाच्या आईने नरसिंगच्या पाया पडून सांगितलं, पोराचं नाव त्या भोंग्यावर नको. नरसिंगने मग एक नियम केला. ज्याला चावलं त्यानेच स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. बापाचं, पोराचं, संस्थेचं चालणार नाही. तनुजा म्हणाली, अशाने महिन्यातून एखादीच घोषणा होईल. नरसिंग म्हणाला, मयतीसुद्धा रोज होत नसतात. तिने वाद घातला नाही. लातूरला हे काम दाखवायचं कसं, याचा मात्र तिला प्रश्न पडला होता, आणि तो सुटला असं तिने नंतरही कधी म्हटलं नाही.

नरसिंगचा प्रश्न वेगळा होता. आनंदाला लोक येत होते. दुःखाला येतील का, हे त्याला अजून कळलं नव्हतं, कारण हुडग्यांनंतर कुणी त्याला मयतीला बोलावलंच नव्हतं.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी तो पिवळं फडकं बांधून निघाला होता. निलंग्याच्या बाजूने आलेल्या एका ऊसतोड्या बाईने नाव द्यायला हो म्हटलं होतं. बाजारगल्लीत ऑटो थांबवला आणि माईक हातात घेतला, तोच मोंढ्यातला एक माणूस सायकलवरून धापा टाकत आला. मल्लिकार्जुन हमाल गेला होता. दुपारी झोपला तो उठला नाही. घरच्यांचं म्हणणं होतं, गावात सांगायचं तर नरसिंगनेच सांगावं. मल्लिकार्जुनकडे साधा फोन होता, मोबाइलवर त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

नरसिंगने माईक खाली ठेवला. आनंद ऐकायला पाच-सहा जण आधीच ओट्यांवर आले होते. त्यात ती ब्रशवाली बाईही होती, आता कडेवर लेकरू. तो ऑटोच्या मागच्या दांडीवर चढला, भोंग्याचं पिवळं फडकं सोडलं, घडी करून सीटखाली ठेवलं. मग चप्पल काढली.

त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं. बाईने आत वळून सांगितलं, "गॅस बंद कर गं."

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की," तो म्हणाला. दारं उघडली. सगळी नाही. वरच्या अंगाची दोन-तीन घरं बंदच राहिली, आणि तिकडून एका पोराने "नाव ठरलं नाही" अशी आरोळी ठोकली. पोराला कुणीतरी दणका दिल्याचा आवाज आला. गल्ली नावासाठी थांबली. त्याने नाव घेतलं, लिंगैक्य म्हटलं, उद्याची वेळ सांगितली. माणसं वाकून विचारू लागली.

गल्लीच्या टोकाला हुडग्यांच्या आडतीचं शटर होतं. ते अर्ध्यावर आलं. नरसिंगने ते पाहिलं. पुढच्या गल्लीला जायला त्याने किल्ली फिरवली, तेव्हा ईश्वरप्पा शटरखालून वाकून बाहेर आले आणि त्यांनी हात वर केला. ऑटोजवळ आले. भस्माचे पट्टे घामाने पुसट झाले होते.

"मल्ल्यानं माझ्या आडतीवर जन्म घातला," ते म्हणाले. "किती वाजता म्हणलास?"

"अकरा, अप्पा."

"अकराला सौदा निघतो. हमाल कुठून येतील मातीला?" त्यांनी मोंढ्याच्या दिशेने पाहिलं. इतर आडत्यांशी बोलणं झालं असावं, किंवा ते आता करणार असावेत. "तुझ्या बोलण्यात मोंढ्याचं बी घाल. नीट सांग. दोन बार सांग."

रत्नम्मांचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. ईश्वरप्पा शटरकडे परत गेले. नरसिंगने माईकवर बोट वाजवलं. त्या ऊसतोड्या बाईची बातमी परवावर गेली. मल्लिकार्जुनची बातमी त्याने उरलेल्या सगळ्या गल्ल्यांत तोंडाने सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी ही दोन वाक्यं दोनदा घेतली. उद्या सकाळी शिरूरच्या मोंढ्यातली सर्व दुकाने बंद राहतील. सोयाबीनचा सौदा अकराऐवजी दुपारी दोन वाजता निघेल.